उत्पत्ति व उपपत्ति

गेल्या महिन्यांत आमच्या गांवीं एका विद्वान् गृहस्थांचें व्याख्यान झालें. विषय होता ‘बायबलांतील सृष्ट्युत्पत्ति व आधुनिक विज्ञान’. सभागृह भरलेलें होतें, आणि श्रोत्यांत ख्रिस्ती बंधूंपेक्षां इतरांचीच संख्या अधिक होती. वक्त्यांची वाणी रसाळ, पाठांतर दांडगें, आणि आत्मविश्वास तर असा कीं, ईश्वरानें पहिल्या दिवशीं प्रकाश उत्पन्न केला तेव्हां हे गृहस्थ जवळच उभे असावेत असें वाटावें. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें: ‘उत्पत्ति’ या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायांतील सहा दिवस म्हणजे भूगर्भशास्त्रांतील सहा युगें होत, दुसऱ्या अध्यायांतील कथा ही पहिलीचेंच विस्तृत विवरण आहे, आणि शास्त्रज्ञांनीं गेल्या दोनशें वर्षांत जें मोठ्या कष्टानें शोधून काढलें तें त्या ग्रंथांत पूर्वींच नमूद होतें. टाळ्या पडल्या. मीं टाळी वाजविली नाहीं, आणि ती कां वाजविली नाहीं हें सांगण्याकरितां हा लेख.

मी ख्रिस्ती नाहीं. तेव्हां ‘तुम्हांला ही उठाठेव कशाला?’ असें कोणी विचारल्यास तें अगदींच गैर होणार नाहीं. त्यावर माझें उत्तर असें कीं, मिल्टनचें ‘पॅराडाइज लॉस्ट’ हें महाकाव्य मी अठ्ठावीस वर्षें शिकवीत आलों आहें, आणि त्याचा सातवा सर्ग समजावून सांगावयाचा म्हणजे उत्पत्तीचे पहिले दोन अध्याय शेजारीं उघडे ठेवावेच लागतात. जीं पानें इतक्या वेळां वाचलीं त्यांच्याविषयीं एक प्रकारचा जिव्हाळा उत्पन्न होतो, आणि त्यांच्याच कैवाऱ्यांनीं चालविलेली त्यांची ओढाताण पाहवत नाहीं. दुसरेंही एक कारण आहे. त्या दिवशीं तिसऱ्या रांगेंत आमच्याच कॉलेजांतील एक मुलगी बसली होती. घराणें ख्रिस्ती, अभ्यासाचा विषय प्राणिशास्त्र. ती वक्त्यांचा शब्द न् शब्द उतरून घेत होती. सकाळीं प्रयोगशाळेंत एक आणि रविवारीं प्रार्थनामंदिरांत दुसरें असें ज्या वयांत मनाला टोंचूं लागतें त्या वयांत तिला कोणी तरी सांगत होतें कीं, ‘काळजी नको, हिशेब जुळला आहे!’ आणि हिशेब तर मुळींच जुळलेला नव्हता.

प्रथम त्या दोन कथा आहेत तशा पाहूं. पहिल्या अध्यायांतील क्रम असा: पहिल्या दिवशीं प्रकाश, दुसऱ्या दिवशीं वरचें पाणी व खालचें पाणी यांना विभागणारें आकाश, तिसऱ्या दिवशीं कोरडी जमीन, आणि तिच्यावर गवत, बीज देणाऱ्या वनस्पति व फळझाडें, चवथ्या दिवशीं सूर्य, चंद्र व तारे, पांचव्या दिवशीं जलचर व पक्षी, सहाव्या दिवशीं जमिनीवरील पशु, आणि सर्वांच्या शेवटीं मनुष्य, तोही नर व नारी असा एकाच वेळीं. सातव्या दिवशीं विश्रांति. येथें ईश्वराचें नांव ‘एलोहीम’ आहे. तो नुसता बोलतो, आणि वस्तु अस्तित्वांत येते. भाषा धीरगंभीर, मोजूनमापून बसविलेली. प्रत्येक दिवसाचा शेवट एकाच पालुपदानें होतो.

दुसऱ्या अध्यायाच्या चवथ्या वचनाच्या मध्यावर सूर एकदम पालटतो. ईश्वराला आतां ‘याहवे एलोहीम’ म्हटलें आहे. पहिली कथा अथांग पाण्यांतून निघाली. ही निघते ती कोरड्या माळावरून. जमिनीवर अद्याप एकही झुडूप नाहीं, आणि तें कां नाहीं हेंही कथाकार सांगतो: पाऊस पडलेला नव्हता व जमीन कसावयाला मनुष्य नव्हता. मग ईश्वर कुंभारासारखा माती हातीं घेतो, पुरुष घडवितो, त्याच्या नाकांत श्वास फुंकतो. नंतर एदेनाची बाग लावतो व झाडें उगवितो. पुरुषाचें एकटेपण त्याला बरें वाटत नाहीं. म्हणून मातीचेच पशु व पक्षी घडवून तो एकेक त्याच्यापुढें आणतो. पुरुष त्यांना नांवें ठेवतो, परंतु त्यांत त्याला शोभेलसा सोबती सांपडत नाहीं. तेव्हां कोठें बरगडीपासून स्त्री निर्माण होते. म्हणजे क्रम झाला पुरुष, झाडें, पशुपक्षी, स्त्री. पहिल्या कथेंत झाडें व पशु आधीं आणि मनुष्य शेवटीं. दुसरींत पुरुष सर्वांच्या आधीं आणि स्त्री सर्वांच्या शेवटीं.

यावर ‘दुसरी कथा पहिलीचें विवरण आहे’ हें म्हणणें वाचक हो, कसें टिकावें? विवरणांत तपशील वाढतो. क्रम उलटत नाहीं. मनुष्य नव्हता म्हणून झाडें नव्हतीं, असें कारण देऊन सांगणारा लेखक, झाडें मनुष्याच्या तीन दिवस आधीं झालीं असें सांगणाऱ्या लेखकाचें विवरण करीत नसतो. ही अडचण तोंडमिळवणी करणाऱ्यांना ठाऊक नाहीं असें नव्हे. म्हणून तर त्यांनीं व्याकरणाची कास धरली. दुसऱ्या अध्यायाच्या एकोणिसाव्या वचनांत ‘ईश्वरानें पशु घडविले’ असें आहे. हिब्रूंतील तें क्रियापद कथा पुढें नेणारें आहे. ‘मग घडविले’ हाच त्याचा सरळ अर्थ. १६११ सालच्या सुप्रसिद्ध इंग्रजी भाषांतरांत साधा भूतकाळच आहे. परंतु १९७८ सालीं पूर्ण झालेल्या ‘न्यू इंटरनॅशनल व्हर्शन’ या भाषांतरांत तेथें पूर्वभूतकाळ आला: ‘घडविले’ च्या जागीं ‘घडविलेले होते’. एका साहाय्यक क्रियापदानें दोन प्राचीन कथांमधील वाद मिटविला! या चलाखीनें कथेचें काय झालें तें मात्र कोणीं पाहिलें नाहीं. पुरुष एकटा आहे. त्याचें एकटेपण घालविण्याकरितां पशु घडविले जातात, आणि तो यत्न फसतो. त्या फसण्यांत कथेचा सारा जीव आहे. पशु आधींच घडवून ठेवलेले असतील तर ईश्वराची ती धडपड नाहींशी होते, आणि उरते ती नुसती हजेरी.

येथें पंडिता रमाबाईंची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. त्यांनीं हिब्रू व ग्रीक या मूळ भाषांचा अभ्यास करून सबंध बायबल मराठींत आणलें. १९२२ सालीं त्या निवर्तल्या. ग्रंथ १९२४ सालीं बाहेर आला. त्यांचीं मतें सर्वांना पटोत वा न पटोत, पण एखाद्या ग्रंथावर श्रद्धा ठेवणें म्हणजे त्याची भाषा शिकण्याचे कष्ट घेणें, हें त्यांनीं जाणलें होतें.

दोन कथा आहेत हें मान्य करणें म्हणजे धर्मावर घाला घालणें, असा एक समज आहे. परंतु हा शोध ज्यानें प्रथम नीटपणें मांडला तो कोणी पाखंडी नव्हता. झाँ आस्त्रुक हा फ्रेंच वैद्य. त्यानें १७५३ सालीं आपलें पुस्तक निनांवीं प्रसिद्ध केलें. ईश्वराचीं दोन नांवें कोठें कोठें येतात हें पाहून त्यानें असें अनुमान काढलें कीं, मोशेनें आपल्या पूर्वीचे निरनिराळे लेख एकत्र केले असावेत. मोशेचें कर्तृत्व राखावें हाच त्याचा हेतु होता! पुढें १८७८ सालीं जर्मन पंडित वेलहौसेन यानें या विचाराला जें रूप दिलें त्यांत पुष्कळ दुरुस्त्या झाल्या आहेत व अजूनही होत आहेत; पण पहिले दोन अध्याय दोन हातांचे आहेत, हा निर्णय अभ्यासकांत आज जवळजवळ सर्वमान्य आहे. मला स्वतःला या प्रकरणांत सर्वांत आदर वाटतो तो त्या अनामिक संकलकांविषयीं. दोन कथा जुळत नाहींत हें त्यांना दिसलें नसेल असें मानणें हा त्यांच्या बुद्धीचा अपमान आहे. त्यांनीं एकही अक्षर न घांसतां दोन्ही शेजारीं शेजारीं ठेवल्या.

आतां विज्ञानाकडे वळूं. युक्त्या येथेंही जुन्याच आहेत. जेम्स अशर या बिशपानें १६५० सालीं सृष्टीचा आरंभ ख्रिस्तपूर्व ४००४ मध्यें ठरविला होता. पुढें खडकांनीं लक्षावधि वर्षांची साक्ष देण्यास सुरुवात केली, तेव्हां स्कॉटलंडांतील टॉमस चामर्स या धर्मोपदेशकानें पहिल्या व दुसऱ्या वचनांच्या मध्यें वाटेल तेवढा काळ कोंबण्याची सोय काढली. ह्यू मिलर हा मूळचा पाथरवट, पुढें नामांकित भूगर्भज्ञ झाला. त्याला ती फट पटेना, म्हणून त्यानें दिवसांचींच युगें केलीं. त्याचें पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १८५७ सालीं निघालें. त्याच वर्षीं फिलिप गॉस या प्राणिशास्त्रज्ञानें तिसरीच तोड काढली: ईश्वरानें पृथ्वी निर्माण केली तीच मुळीं जुनी दिसेल अशी, झाडांना आंत वलयें, आदमाला बेंबी, आणि खडकांत कधींही न जगलेल्या प्राण्यांचे सांगाडे. ही कल्पना ना भाविकांना रुचली, ना शास्त्रज्ञांना. ईश्वराच्या हातून खोटा दस्तऐवज तयार करविण्यापेक्षां ४००४ चा आंकडा सोडलेला काय वाईट होता?

१८६० सालीं ‘एसेज अँड रिव्ह्यूज’ या गाजलेल्या निबंधसंग्रहांत चार्ल्स गुडविन यानें या सर्व योजना एकीपुढें एक मांडल्या, आणि प्रत्येक नवा समन्वयकार जुन्याचें खंडन करूनच आपलें दुकान मांडतो हें उघड केलें. सातां निबंधकारांत धर्मोपदेशक नसलेला तेवढाच एक. त्याच्यानंतर खरें पाहतां हा विषय संपावयास हवा होता. पण पंचवीस वर्षांनीं ग्लॅडस्टन साहेब मैदानांत उतरले! इंग्लंडचें पंतप्रधानपद नुकतेंच सुटलें होतें. थोडी सवड मिळाली असावी. ‘नाइन्टीन्थ सेंचुरी’ मासिकाच्या नोव्हेंबर १८८५ च्या अंकांत त्यांनीं लिहिलें कीं, आधीं जलचर, मग खेचर, मग भूचर व शेवटीं मनुष्य हा उत्पत्तींतील क्रम विज्ञानानें सिद्ध केला आहे. हक्सलेनें पुढच्याच अंकांत उत्तर दिलें. त्याचा मुद्दा साधा होता: खडकांच्या थरांत जमिनीवरील प्राणी पक्ष्यांच्या आधीं सांपडतात, मागून नव्हे. ग्लॅडस्टननीं जानेवारींत प्रत्युत्तर दिलें, हक्सलेनें फेब्रुवारींत पुन्हा लिहिलें. ग्लॅडस्टन यांची ग्रीक विद्या अफाट होती, पण होमर पाठ असला म्हणून जीवाश्म वाचतां येतात असें नाहीं.

तेव्हांपासून पुरावा वाढत गेला तो हक्सलेच्याच बाजूनें. विश्वाचें वय आज सुमारें १३.८ अब्ज वर्षें मानतात. सूर्य व पृथ्वी सुमारें साडेचार अब्ज वर्षांचीं, आणि सूर्य पृथ्वीच्या मागून खचित आला नाहीं. मासे सुमारें ५० कोटि वर्षांपूर्वींचे; चतुष्पाद जमिनीवर आले त्याला सुमारें ३७ कोटि वर्षें झालीं; पक्षी सुमारें १५ कोटि; आणि फुलाफळांच्या झाडांचे निश्चित अवशेष १३ कोटि वर्षांच्या आसपासचे. देवमासा तर जमिनीवरील चतुष्पादांचा वंशज. त्याचे पूर्वज सुमारें ५ कोटि वर्षांपूर्वीं पाण्यांत परतले. उत्पत्तींत मात्र फळझाडें माशांच्या दोन दिवस आधीं व सूर्याच्या एक दिवस आधीं येतात. समुद्रांतील प्रचंड प्राणी पशूंच्या आदल्या दिवशीं. दिवसाचें युग केल्यानें ही अडचण कमी होत नाहीं, वाढते. सूर्याशिवाय एक रात्र आंबा तग धरील. एक युग कसें धरील? ‘चवथ्या दिवशीं ढग फांकून सूर्य दिसूं लागला’ असें आमच्या वक्त्यांनीं सांगितलें. ग्रंथांत ‘दिसूं लागला’ नाहीं, ‘केला’ आहे. शिवाय ‘संध्याकाळ झाली, सकाळ झाली’ हें पालुपद युगाला लावावयाचें कसें? शब्बाथ पाळण्याची आज्ञा निर्गम पुस्तकांत याच सहा दिवसांच्या आधारें दिली आहे. सहा युगें काम करून सातवें युग विश्रांति घ्यावी, असा तर तिचा अर्थ कोणी करीत नाहीं!

‘पण आम्ही मधला मार्ग काढतों, एकीकडे अक्षरार्थाला चिकटणारे हट्टी, दुसरीकडे नास्तिक’, हें या मंडळींचें आवडतें समर्थन. मला हा मार्ग मधला दिसत नाहीं. अक्षरार्थवादी व समन्वयवादी हे सख्खे भाऊ आहेत. उत्पत्तीचा पहिला अध्याय म्हणजे भूगर्भशास्त्राचा धडा, हें दोघांनाही मान्य. फरक इतकाच कीं, पहिला धडा आहे तसा वाचतो व खडकांना खोटें पाडतो. दुसरा खडकांना खरें म्हणतो व धडा बदलून वाचतो. १९२५ सालीं अमेरिकेंत टेनेसी संस्थानांतील डेटन या गांवीं उत्क्रांतिवाद शिकविल्याबद्दल जॉन स्कोप्स या शिक्षकावर खटला झाला. त्यांत बायबलाच्या बाजूचे पुढारी विल्यम जेनिंग्स ब्रायन हे स्वतः साक्षीला उभे राहिले, आणि उलटतपासणींत हे दिवस चोवीस तासांचेच असतील असें नाहीं, असें त्यांनींच कबूल केलें. म्हणजे एक भाऊ दुसऱ्याच्या घरांत शिरावयाला किती वेळ लागतो तें पाहा. पुढें ‘सृष्टिविज्ञान’ असें शास्त्रीय नांव देऊन तीच गोष्ट शाळांत आणण्याचा लुइझियाना संस्थानाचा कायदा तेथील सर्वोच्च न्यायालयानें १९८७ सालीं रद्द ठरविला.

समन्वयाचा खरा धोका काय हें ज्याला कळलें तो एक कॅथलिक धर्मगुरूच होता. बेल्जमचे जॉर्ज लमेत्र हे गणिती व ज्योतिर्विद्. विश्व प्रसरण पावत आहे हें १९२७ सालीं, आणि तें एका आद्य अणूपासून निघालें ही कल्पना १९३१ सालीं, त्यांनीं मांडली. नोव्हेंबर १९५१ मध्यें पोप बारावे पायस यांनीं धर्मपीठाच्या विज्ञानपरिषदेपुढें असा अभिप्राय दिला कीं, विज्ञान जणूं त्या आद्य प्रकाशाच्या आज्ञेचीच साक्ष देत आहे. लमेत्रना याहून मोठें प्रशस्तिपत्र कोणतें हवें होतें? परंतु त्यांना तें आवडलें नाहीं. आपली उपपत्ति धर्माच्या प्रश्नांबाहेरची आहे, तिचा स्वीकार वा त्याग पुराव्यावर व्हावा, अशी त्यांची भूमिका होती. पुढच्या वर्षीं रोम येथें पोप ज्योतिर्विदांपुढें बोलले, तेव्हां तो दावा त्यांनीं पुन्हा केला नाहीं. त्याच १९५२ सालीं वाल्टर बाडे यांनीं दीर्घिकांचीं अंतरें पूर्वींच्या दुप्पट असल्याचें जाहीर केलें, व त्याबरोबर विश्वाचें वयही दुपटीनें वाढलें. ज्यानें श्रद्धेची गांठ आंकड्याशीं बांधली त्याची श्रद्धा दर दहा वर्षांनीं दुरुस्तीला पाठवावी लागणार. आणि हें लमेत्रच्याही फार पूर्वीं संत ऑगस्टीननें, पांचव्या शतकाच्या आरंभीं, बजावून ठेवलें होतें: पृथ्वी व आकाश यांविषयीं अन्यधर्मी माणसाला जें अनुभवानें ठाऊक आहे त्याच्या विरुद्ध शास्त्राधारें बडबडणारा ख्रिस्ती आपल्या ग्रंथाचेंच हंसें करतो.

मग ती कथा सांगते तरी काय? पहिला अध्याय बहुतेक अभ्यासक बाबिलोनी बंदिवासाच्या काळांतील किंवा त्यानंतरचा मानतात. ख्रिस्तपूर्व ५८६ च्या सुमारास यरुशलेमचें मंदिर जाळलें गेलें आणि लोक बाबिलोनला नेले गेले. तेथें सूर्य देव, चंद्र देव, तारे माणसाचें नशीब लिहिणारे. अशा वेळीं हा लेखक सूर्यचंद्रांचें नांवही घेत नाहीं. ‘मोठा दिवा’ व ‘लहान दिवा’ इतकेंच म्हणतो, आणि त्यांना चवथ्या दिवसावर ढकलतो, गवताच्याही मागें. जेत्यांच्या देवांचे टांगलेले कंदील करणारें हें धाडस आहे, आणि आमचे वक्ते तेथें ढग फांकवीत बसले! सहा दिवसांची मांडणी ज्याकरितां केली तो सातवा दिवसही त्यांच्या व्याख्यानांत ओझरताच आला. गुलामाला, परक्याला, गुराढोरांनाही विसांवा देणारा दिवस. सृष्टीचा कळस मनुष्य नव्हे, तो दिवस. आमच्या कोंकणांतील बेने इस्राएल लोकांना ‘शनवार तेली’ कां म्हणत हें जुन्या माणसांना आठवत असेल. धंदा तेलाचा, आणि शनिवारीं घाणा बंद. त्यांतील पुष्कळ कुटुंबें १९४८ नंतर इस्राएलास गेलीं. पूर्वीं कित्येक पिढ्या त्यांच्याजवळ हिब्रू ग्रंथ नव्हते, पण घाणा थांबत होता. पहिला अध्याय कोणाला कळला होता, ग्लॅडस्टनना कीं अलिबागेकडच्या त्या तेल्याला?

इतर श्रोत्यांनीं टाळ्या कां वाजविल्या याचाही मला अंदाज आहे. हा माल आमच्या घरींही तयार होतो. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन म्हणजे डार्विन, हें ब्लाव्हाट्स्की बाईंनीं १८७७ सालीं लिहिलें तेव्हांपासून आम्ही तें अभिमानानें घोकत आहों. वामनानंतरचे परशुराम, राम व कृष्ण कोणत्या नव्या जातीचे प्राणी, आणि नरसिंहाचा सांगाडा कोणत्या थरांत सांपडला, असें विचारणारा मनुष्य घरांतला अप्रिय नातेवाईक ठरतो. शेजाऱ्याच्या तोंडमिळवणीला आपण टाळी देतों, कारण उद्यां आपली वही तपासली जाणार असते.

व्याख्यान संपल्यावर मीं उभें राहून एकच प्रश्न विचारला: देवमासा कोणत्या दिवशींचा? वक्ते हंसले, ‘जलचर आहे, पांचव्या’, म्हणाले. मीं त्याच्या पूर्वजांचें विचारणार तोंच अध्यक्षांनीं घड्याळाकडे पाहून आभार मानले. बाहेर व्हरांड्यांत ती मुलगी थांबली होती. देवमाशाबद्दल तिला मजहून अधिक ठाऊक होतें. तो विषय तिनें काढलाच नाहीं. ती म्हणाली, ‘सर, जुळतच नव्हत्या तर दोन्ही गोष्टी एकाच पुस्तकांत ठेवल्या कशाला?’ दोन तासांत त्या ग्रंथाविषयीं कोणीं विचारलेला हा पहिला प्रश्न. मीं तिला सांगितलें, दोन्ही अध्याय दोन वेगळ्या कागदांवर उतरून काढ, मध्यें कांहीं लिहूं नकोस, आणि सोमवारीं ये. ती आली, कागद तीन होते. तिसऱ्यावर तिनें दोन्हींतील क्रियापदें काढून आणलीं होतीं.